जाळी करायला खाणाराच पाहिजे

माझी ओळख करून देताना बायको "ह्यांचं गेट-ग्रिलचं वर्कशॉप आहे" एवढंच सांगते आणि विषय बदलते. पुढचं सांगायची तिला लाज वाटते. पुढचं असं, की गेटं आणि ग्रिलं आता नावापुरती उरली आहेत आणि मी कोंबड्यांसाठी अंगणं बांधतो. बंगल्यामागं, परसात, गच्चीवर, जिथं जागा असेल तिथं जाळी मारून कोंबड्यांना दिवसभर हिंडायला सोय करून देतो. त्यावर घर चालतं. आणि कोंबडी खाणं ही माझी आवड आहे. आमच्या कोल्हापूरच्या रिवाजाप्रमाणं बुधवार, शुक्रवार, रविवार. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला कशा जमतात, असं लोक विचारतात. मलाही कधीकधी हा प्रश्न पडतो, पण ताट समोर आलं की सुटतो.

मूळचा मी फौंड्रीतला माणूस. शिरोली एमआयडीसीत मोल्डिंगला होतो, म्हणजे वाळूचे साचे करायचे आणि त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. पाठीनं दगा दिल्यावर ते सोडून वेल्डिंगचं दुकान टाकलं. मग कोरोना आला. घरात अडकलेल्या लोकांपैकी काहींनी परसात भाजी लावली, काहींनी कोंबड्या पाळल्या. भाजीवाल्यांशी माझा संबंध आला नाही. कोंबडीवाल्यांच्या कोंबड्या मात्र आठवडाभरात शेजाऱ्यांच्या तुळशीत, मोटारीवर आणि कुत्र्याच्या तोंडात सापडायला लागल्या. तेव्हा लोकांना माझी आठवण झाली.

कोंबडीला रात्री झोपायला खुराडं लागतं हे सगळ्यांना माहीत असतं. पण ती दिवसा काय करते याचा विचार कुणी केलेला नसतो. ती चालते, उकरते, ऊन खाते, मातीत लोळते आणि शेजारणीशी भांडते. एका कोंबडीला निदान एका माणसाचं अंथरूण पसरेल एवढी जागा द्या, असं मी सांगतो. त्यावर गिऱ्हाईक म्हणतं, "अहो, एवढी तर आमाला फ्लॅटमधी न्हाय." मग मी जाळीकडं वळतो. जाळीचंही तसंच आहे. बाजारात षटकोनी भोकांची पातळ जाळी मिळते. ती कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. कुत्रं ती दातानं फाडतं. म्हणून मी बारीक चौकोनांची, वेल्ड केलेली जाड जाळी लावतो. ती जमिनीशी संपवत नाही. बुडाशी वळवून हातभर बाहेरच्या बाजूला मातीखाली घालतो. मुंगूस, कुत्रं, घूस असलं काहीही येऊन जाळीच्या बुडाशी उकरायला लागलं की खाली पुन्हा जाळीच लागते. दोन पावलं मागं सरकून उकरावं हे काही त्यांना सुचत नाही. वरून घार आणि मांजर येतं, म्हणून वरही जाळी, आणि पावसासाठी निम्म्या भागावर पत्रा. उंची अशी हवी की मालकाला आत ताठ उभं राहता आलं पाहिजे. वाकून झाडावं लागलं की मालक झाडत नाही, मग तो कितीही शिकलेला असो.

गिऱ्हाईकं तऱ्हेतऱ्हेची भेटली. राजारामपुरीतल्या एका डॉक्टरांना जाळी बंगल्याच्या रंगाला मॅचिंग हवी होती आणि आत कॅमेरा. दवाखान्यात पेशंट तपासता तपासता ते मोबाइलवर कोंबड्या बघायचे. एकदा एका म्हाताऱ्याच्या छातीला नळी लावलेली असतानाच ते ओरडले, "घातलं, घातलं!" म्हातारा टेबलावरून उठून चपला शोधायला लागला. अंडं घातलं होतं, हे त्याला समजावून सांगेपर्यंत त्याचं ब्लडप्रेशर वाढलं आणि त्याची गोळी डॉक्टरांनाच फुकट द्यावी लागली.

पण माझ्या हातून झालेलं सगळ्यात अवघड काम जयसिंगपूरचं.

एके दिवशी फोन आला. पलीकडून म्हाताऱ्या बाईंचा खणखणीत आवाज. "मिस्त्री, कोंबड्यांचं काम करतासा न्हवं? मग या." पत्ता ऐकून मी तो पुन्हा विचारून घेतला. जयसिंगपुरातलं कापडाचं नावाजलेलं दुकान, जैन कुटुंब. ज्या घरात सूर्य मावळल्यावर जेवत नाहीत आणि जमिनीखालचा कांदा-बटाटा खात नाहीत, तिथं कोंबडी कशाला आली? कुणीतरी चेष्टा करतंय असं धरून मी गेलो.

पुढं दुकान, मागं घर आणि घरामागं परस अशी ती जागा. दुकान अण्णासाहेब बघायचे. पन्नाशीचे, पांढरेशुभ्र कपडे, बोलणं मोजूनमापून. फोनवरच्या बाई म्हणजे त्यांच्या आई. सगळं गाव त्यांना आक्का म्हणायचं, अण्णासाहेब तेवढे आव्वा म्हणायचे. सत्तरी ओलांडलेल्या आक्का परसात एका पाटावर बसल्या होत्या आणि त्यांच्याभोवती चार पांढऱ्या कोंबड्या हिंडत होत्या. पाण्याचा तांब्या पुढं करून आक्कांनी पहिलाच प्रश्न टाकला.

"मिस्त्री, कोंबडी खातासा?"

आता खरं बोललो तर काम जातंय, हे मला दिसत होतं. पण त्या बाईंच्या डोळ्यांकडं बघून खोटं बोलवेना.

"खातो की, आक्का."

"लई?"

"आवडीनं खातो."

आक्कांचा चेहरा खुलला. "बरं झालं बाई! अण्णा, हे खात्यात बघ!" त्यांनी दुकानाच्या दिशेनं हाक दिली आणि मग मला समजावून सांगितलं. "ह्याच्या आदी आमच्यातलाच एक मिस्त्री बोलीवलाता. लई सज्जन मानूस. जाळी केली झकास, पर दाराला कडीच न्हाय. म्या म्हटलं, कडी? तर म्हणतोय, आक्का, कोंबडी कोन कशाला न्हेईल? आनि खरं सांगू, आमाला बी त्ये पटलं."

कडी नसलेल्या त्या दारातून आखाडात एक कोंबडी गेली. आखाड म्हणजे आषाढ. पुढच्या श्रावणात खायचं नाही म्हणून या महिन्यात आमच्या भागातल्या कोंबड्यांवर संक्रांत येते. कोंबडी दिसेना तेव्हा घरच्यांना वाटलं, कुठंतरी फिरायला गेली असेल, येईल. त्यांनी तिच्यासाठी दार उघडंच ठेवलं. शेवटी दुकानातल्या नोकरानं बिचकत बिचकत सांगितलं, की आक्का, ती आता येणार नाही. ती कुठं गेली असेल ते कळल्यावर आक्का दोन दिवस जेवल्या नाहीत.

"कोन कुटनं हात घालनार, ते आमाला काय कळतंय?" आक्का म्हणाल्या. "जाळी करायला खानाराच पायजे."

उभ्या जन्मात माझ्या खाण्याचं असं कौतुक कुणी केलं नव्हतं.

कोंबड्यांची कथा अशी. उरुसात रंगवलेली पिल्लं विकायला येतात. हिरवी, गुलाबी, निळी, पोरांच्या हट्टापायी घेतली जातात आणि दोन-चार दिवसांत मरतात. आक्कांच्या नातवंडांनी अशी पिल्लं आणली, खेळून कंटाळली आणि आपल्या गावी पुण्याला निघून गेली. आक्कांनी ती कापसात ठेवली, कण्या भरवल्या, आणि पिल्लं जगली. मोठी झाल्यावर रंग जाऊन सगळ्या पांढऱ्याफेक निघाल्या. पण आक्कांच्या लेखी त्या अजून हिरवी, गुलाबी, पिवळी आणि निळीच होत्या. गेली ती जांभळी. मला शेवटपर्यंत त्यांतली एकही ओळखता आली नाही. आक्का मात्र पाठमोरी बघूनही सांगायच्या.

त्यांचं मागणं एकच होतं. "मिस्त्री, म्या ह्यांस्नी वाचवलंय. ह्या आपल्या मरनानं जायला पायजेत. कुनाच्या सुरीनं न्हाय."

अण्णासाहेबांचंही एकच मागणं होतं, पण उलट्या दिशेचं. कोंबड्या परसातून घरात, घरातून दुकानात यायच्या. एकदा एक लग्नाचा बस्ता बांधायला आलेलं कुटुंब गादीवर बसलेलं असताना हिरवी सरळ शालूंच्या ढिगावर जाऊन बसली आणि उठली तेव्हा खाली अंडं होतं. शिवाय अंड्यांचाही प्रश्नच. घरात कुणी खाणार नाही आणि खाणाऱ्याला देणंही आक्कांना नको. मग आक्का ती कढीपत्त्याच्या बुडाशी पुरायच्या. असला तरारलेला कढीपत्ता मी कुठं बघितला नाही. पण सूनबाईंनी त्याचं पान आमटीत घालायचं बंद केलं होतं आणि हिरव्यागार झाडाशेजारी राहून त्या बाजारातून कढीपत्ता आणत होत्या. त्यामुळं अण्णासाहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "मिस्त्री, आव्वासाठी तुमी करा काय करायचं त्ये. पर येत्या आखाडाच्या आत ह्यांची नीट सोय लागली न्हाय, तर म्या शेतावरच्या गड्याला देऊन टाकनार. मला दुकान चालवायचंय." शेतावरचा गडी कोंबड्यांचं काय करील हे त्यांनी बोलून दाखवलं नाही आणि मी विचारलं नाही.

मी कामाला लागलो. माझी पद्धत सोपी आहे. परसाच्या मधोमध उभं राहायचं आणि मनाशी धरायचं, की आखाडातला शेवटचा रविवार आहे, घरी पाहुणे आलेत, मटणाला पैसे नाहीत. आता यातली कोंबडी कुठून काढशील? विचार करता करता तोंडाला पाणी सुटलं आणि जागा भराभर दिसायला लागल्या. शेजारच्या शेवग्याची फांदी भिंतीवर आली होती, तिथून उतरता येत होतं. नळाजवळच्या कोपऱ्यात आधीच्या मिस्त्रींनी हात जाईल एवढी फट ठेवली होती. जुन्या दारातून तर मिरवणूकसुद्धा गेली असती. आक्का पाटावर बसून माझ्याकडं कौतुकानं बघत होत्या. "बघा, बघा, कसं डोस्कं चालतंय!" त्या सुनेला म्हणाल्या.

वरून पक्की जाळी झाली, फट बुजली, दाराला आतून वळणारी कडी आणि बाहेरून कुलूप झालं. काम संपलं असं मी म्हणणार, तेवढ्यात आक्कांनी खरी अडचण सांगितली.

"खाली फरशी घाला."

"फरशी? आक्का, कोंबडीला माती पायजे. उकरती ती."

"तेच तर." आक्कांनी आवाज खाली आणला. "मातीत किडं हायत, मुंग्या हायत, गांडुळं हायत. म्या ह्यांचा जीव वाचवला, आनि ह्या दिवसभर दुसऱ्यांचा घेत्यात. सांगा मिस्त्री, त्ये पाप कुनाच्या नावावर?"

फौंड्रीत असला प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. सूनबाईंनी सांगितलं, की इतके दिवस आक्का मऊ केरसुणी घेऊन कोंबड्यांच्या पुढंपुढं चालायच्या आणि वाटेतल्या मुंग्या बाजूला सारायच्या. कोंबडीला वाटायचं, आपल्याला जेवण दाखवतायत. ती दुप्पट वेगानं टिपायची. आक्का त्यानं हैराण झाल्या होत्या आणि गुडघेही बोलायला लागले होते.

मी शहाबादी फरशी घातली. आक्का खूश, अण्णासाहेब खूश. कोंबड्यांना कुणी विचारलं नाही.

पंधरवड्यानं गेलो तर निळीच्या पाठीवर एक पीस उरलं नव्हतं. कोंबडी मातीत लोळते ती खेळ म्हणून नाही. पिसांत धूळ घालून झटकली की अंगावरच्या पिसवा आणि उवा जातात, ते तिचं आंघोळ करणं आहे. उकरायला नाही, लोळायला नाही, मग रिकामपणी त्या एकमेकींची पिसं उपटत बसल्या होत्या. निळी सगळ्यांत गरीब, म्हणून तिचीच जास्त. आक्कांनी तिच्या पाठीला तूप-हळद लावली होती आणि मला तरी ती वाढायला तयार असल्यासारखी दिसली. हे मी मनातच ठेवलं. अण्णासाहेब दारात उभे होते. "मिस्त्री, आखाड जवळ आला," ते एवढंच म्हणाले.

"आक्का, निदान घमेलंभर माती ठेवू या. चाळून, भाजून."

"भाजताना आतलं मेलं तर?"

"मग आदी चाळून घिऊ."

"चाळनीत मेलं तर?"

मी कपाळाला हात लावला. पण त्या हातातूनच विचार आला, कारण त्या हातानं मी वर्षानुवर्षं वाळू चाळली होती. फौंड्रीची वाळू! जिच्यात वितळलेलं लोखंड ओतलेलं असतं, तिच्यात मुंगी काय, मुंगीचा बापही जगलेला नसतो. आणि ती लोखंडासाठी तापवलेली असते, कोंबड्यांसाठी नाही. मी हे आक्कांना मांडून दाखवलं. त्यांनी मला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "म्हंजे आपल्यासाठनं काय मारलं न्हाय. व्हय, ह्ये चालंल."

मला तेव्हा इतका आनंद झाला, की मी तसाच शिरोलीला गेलो. जुने सोबती होतेच. मोल्डिंगची वाळू पोती भरून आणली, फरशीवर वीतभर पसरली आणि कोंबड्या सोडल्या. त्यांनी क्षणभर मान वाकडी करून बघितलं आणि चौघीही एकदम वाळूत पडल्या. पंख पसरून, डोळे मिटून, पाय वर करून लोळल्या. आक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं असतं, पण मी त्याच वेळी माझी हुशारी आठवत उभा होतो. एवढ्यात निळी उठली आणि अंग झटकून आमच्याकडं आली. ती काळी होती.

मोल्डिंगच्या वाळूत कोळशाची पूड मिसळतात. ती मिसळण्यात मी अर्धं आयुष्य घालवलं होतं. रोज संध्याकाळी मी घरी काळा होऊन जायचो आणि बायको मला दारातच अडवायची. आणि नेमकं हेच मी विसरलो.

"मिस्त्री, ह्यांस्नी काय झालं?"

"काय न्हाय आक्का. फौंड्रीतली पाळी संपवून आल्यात."

कोंबड्या मजेत होत्या, पिसं उपटणं थांबलं होतं, तेव्हा वाळू नंतर बदलू असं ठरवून मी घरी आलो. पण जयसिंगपूर हे बाजाराचं गाव आहे, तिथं बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी बघितलं आणि आठवडाभरात गावात झालं, की अण्णासाहेबांकडं कडकनाथ आहेत. कडकनाथ म्हणजे ती काळी कोंबडी, जिचं मांसही काळं असतं आणि जी खाल्ल्यानं सगळे रोग बरे होतात असं लोक समजतात. या कोंबड्यांचे तुरे लालभडक होते, पण तुऱ्याकडं बघतो कोण. लोक अंडी मागायला दुकानात यायला लागले. एकानं तर लुगडं बघायचं निमित्त काढून गुडघेदुखीसाठी एका कोंबडीला काय भाव लावाल, असं विचारलं. चोराचं लक्ष जाईल म्हणून आक्कांना झोप येईना. मला फोन आला आणि मी दुसरं कुलूप घेऊन निघालो.

मी पोचलो तर दारात मोठी गाडी उभी. आत कोल्हापूरकडचे एक पावणं बसले होते. पन्हाळ्याच्या रस्त्याला त्यांचं फार्महाऊस होतं. त्यांनी प्लास्टिकचं क्रेटही बरोबर आणलं होतं. अण्णासाहेब त्यांना सांगत होते, "पैसं नकोत. फुकट न्ह्या. अट एकच, पाळायच्या. खायच्या न्हाईत."

"छे छे! पाळायलाच पायजेत मला. लई शोक हाय पाखरांचा," पावणं म्हणाले.

कोपऱ्यात आक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. अण्णासाहेब त्यांच्याकडं बघायचं टाळत होते. मला त्यांचंही कळत होतं. दुकानात रोज तमाशा चालला होता, आणि फार्महाऊस म्हटलं तर शेतावरच्या गड्यापेक्षा बरंच. आम्ही सगळे परसात गेलो. पावण्यांनी जाळीतून कोंबड्यांकडं बघितलं आणि सहज विचारलं, "एकेक भरंल किती?"

मी कान टवकारले. पाळणारा माणूस विचारतो, अंडी किती देते, खाते काय, चोच मारते का. वजन विचारत नाही. वजन मी विचारतो.

मी आक्कांजवळ जाऊन हळूच म्हणालो, "आक्का, ह्यो खानार."

"नक्की?"

"माझ्याव इस्वास ठेवा. म्या बी खातो."

आक्का भिंतीला धरून उठल्या. "सूनबाई, बादलीभर पानी आना. कोमट." त्यांनी स्वतः कुलूप काढलं, गुलाबीला काखेत धरून बाहेर आणलं आणि पाटावर बसून, लहान मुलाला न्हाऊ घालतात तसं तिच्यावर तांब्यानं पाणी ओतायला लागल्या. बादलीतलं पाणी काळं झालं. गुलाबी ओरडत होती. हळूहळू तिच्यातून एक पांढरी, भिजलेली, रागावलेली कोंबडी बाहेर आली.

पावणं बघतच राहिले. मग त्यांचा आवाज चढला. "आयला! रंग लावून कडकनाथ खपवतासा व्हय? आनि दुकानावर पाटी काय, आमच्या कापडाचा रंग जात न्हाय म्हनून!"

अण्णासाहेब रागावलेले मी कधी बघितले नव्हते. त्यांचे कान लाल झाले.

"पावणं," ते म्हणाले, "हितं इकत कोन होतं? कडकनाथ म्हनून कोन म्हनालं? आमच्या बाच्यापासनं ह्या दुकानातनं रंग गेलेला तागा कुनी परत आनला न्हाय. ह्या आमच्या घरच्या कोंबड्या हायत. काळ्या असू देत न्हाय तर पांढऱ्या, तुमाला काय करायचंय? उचला त्ये क्रेट."

पावणं क्रेट घेऊन गेले. अण्णासाहेब जाळीपाशी गेले आणि उगाचच कडी हलवून बघितली. 'आमच्या कोंबड्या' असं ते पहिल्यांदाच म्हणाले होते. ते आक्कांच्या लक्षात आलं होतं. त्या पदरानं गुलाबीला पुसत राहिल्या.

दुसऱ्याच दिवशी अण्णासाहेब स्वतः माझ्याबरोबर शिरोलीला आले. साच्याच्या आतला भाग करायला फौंड्रीत पांढरी कोरडी वाळू वापरतात. ती बंद पोत्यातून, सुकवूनच येते. हीच मी आधी आणायला हवी होती. अण्णासाहेबांनी खिशातून पांढऱ्या मांजरपाटाचा तुकडा काढला, चिमूटभर वाळू त्यावर चोळली, तुकडा उन्हात धरून बघितला आणि म्हणाले, "रंग जात न्हाय. घ्या." त्या वाळूत कोंबड्या पांढऱ्याच्या पांढऱ्या राहिल्या. कधीमधी एखादं चिलट उडत आत यायचं आणि एखादी कोंबडी ते टिपायची. त्यावर आक्कांचा निवाडा ठरलेला होता. "म्या काय बोलीवलं न्हवतं त्येला." तो आखाड गेला, पुढचेही गेले, जाळीत कुणाचा हात शिरला नाही. दर आखाडाच्या आधी आक्का मला बोलवायच्या आणि मी परसात उभा राहून भूक लागेपर्यंत विचार करायचो.

मग कोंबड्या म्हाताऱ्या झाल्या. आधी पिवळी गेली, मग निळी, मग हिरवी. गेल्या वर्षी आक्कांचा फोन आला. "मिस्त्री, गुलाबी गेली. येतासा?"

जाळीत मी ताठ उभं राहता येईल अशी उंची ठेवली होती, तरी मी वाकूनच आत गेलो. गुलाबी झोपायच्या दांड्याखाली पांढऱ्या वाळूत मान आत घेऊन बसल्याबसल्या गेली होती. पाय सुरकुतलेले, तुरा फिकट. इतक्या वर्षांत मी कोंबड्या मारलेल्या बघितल्या, टांगलेल्या बघितल्या, ताटात तर मोजदाद नाही. पण म्हातारी होऊन आपल्या मरणानं मेलेली कोंबडी मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. मला रडू आलं. मी ते लपवलं नाही.

अण्णासाहेबांनी दुकानातून पांढरं मलमल आणलं. मीटरपट्टी न लावता फाडलेलं कापड त्या दुकानात मी त्याच दिवशी बघितलं. कढीपत्त्याशेजारी मी खड्डा काढत होतो आणि आक्का वरून सांगत होत्या, "सावकाश, गांडूळ आसंल." एक निघालंच. ते पानावर घेऊन बाजूला ठेवलं आणि मग गुलाबीला खाली ठेवलं. माती लोटून झाल्यावर माझ्यानं राहवलं नाही.

"आक्का," मी म्हणालो, "म्या आजपासनं सोडलं."

"काय सोडलं?"

"कोंबडी. खायची."

मला वाटलं, आक्का डोक्यावर हात ठेवतील. पण त्या एकदम घाबऱ्याघुबऱ्या झाल्या. "आता गं बया! न्हाय न्हाय मिस्त्री, एवड्यात नको!"

मला काही समजेना. अण्णासाहेब खाली मान घालून आत गेले आणि एक पुठ्ठ्याचा खोका घेऊन आले. आत चिवचिवाट चालला होता. एक हिरवं, एक गुलाबी, दोन निळी आणि एक भडक केशरी पिल्लू.

"उरुसात होती," अण्णासाहेब माझ्याकडं न बघता म्हणाले. "कोन घेत न्हवतं. उनात बसवलीती त्या मान्सानं."

"बारकी हायत. पयल्या मिस्त्रीच्या जाळीच्या भोकातनं भाईर पडतील," आक्का म्हणाल्या. "आनि आखाड तोंडावर आलाय. तुमी सोडलंसा तर कोन कुटनं हात घालनार, ते आमाला कोन सांगनार?"

"मग म्या सोडू तरी कधी?"

"ह्या मोठ्या हुंद्यात, म्हाताऱ्या हुंद्यात, आपल्या मरनानं जाऊंद्यात," ऐंशीच्या घरातल्या आक्का म्हणाल्या. "मग बघू दोघं मिळून."

मी हाताची माती झटकली आणि खिशातून टेप काढला.